दिवसपाळी, रातपाळी

पहाटे ५.३०

सूर्य वेलेबितच्या डोंगरांमागून येतो, त्यामुळे ठरल्या वेळेपेक्षा थोडा उशिराच धक्क्यावर पोचला. झादर हे क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचं गाव. जुनी वस्ती सगळी एका चिंचोळ्या भूशिरावर, आणि त्या भूशिराच्या पश्चिम टोकाला, धक्क्याच्या फरसबंदीतच बसवलेली ही २२ मीटर व्यासाची काचेची चकती. तीनशे काचा, त्यांच्याखाली सौर पॅनल आणि दिवे. वास्तुविशारद निकोला बाशिच यांनी २००८ साली केलेली. नाव ‘पोझद्राव सुन्त्सू’, म्हणजे सूर्याला नमस्कार. दिवसभर ऊन गोळा करायचं आणि अंधार पडला की त्याचे रंगीत दिवे करून दाखवायचे, असं हिचं काम.

बघायला सगळे संध्याकाळी येतात. मी पहाटे आलो, कारण माझा धंदा कोल्हापुरात छतांवर सौर पॅनल बसवण्याचा आहे. कुठलंही यंत्र चालू होताना बघावं, बंद पडताना बघावं, मधल्या वेळात ते आपोआप कळतं, असं माझे वस्ताद सांगायचे. भाची म्हणाली, “मामा, सुट्टीवर आलायस ना तू?” आणि कूस बदलून झोपली. ती म्युनिकला नोकरी करते. तिच्याच गाडीतून आम्ही इथवर आलो.

पहिल्या तासात बघण्यासारखं काही नव्हतं, हे कबूल. चकती जमिनीला समांतर आहे. आमच्याकडे पॅनल दक्षिणेला तोंड करून पंधरा-सतरा अंशांच्या उतारावर ठेवतात. झादर ४४ अक्षांशावर, म्हणजे इथं पस्तीस अंशांच्या आसपास तिरकं ठेवायला हवं. आडवं ठेवलं की वर्षाच्या विजेतला दहावा हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, गेला. त्यातून सकाळी तर चंगळ नाहीच. सूर्य क्षितिजापासून दहा अंश वर असतो तेव्हा आडव्या काचेवर पडणारं ऊन समोरून झेललेल्या उन्हाच्या सहाव्या हिश्श्याइतकंच भरतं. एखाद्या गिऱ्हाइकानं मला असं आडवं पॅनल बसवायला सांगितलं असतं तर मी दोनदा विचारलं असतं.

पण तिरकं केलं असतं तर त्यावर चालता आलं नसतं.

सकाळी ७.००

झाडलोट. फरशीवरच्या बाटल्या, आइस्क्रीमचे कप, आदल्या रात्रीचं सगळं. काचेवर समुद्राचं मीठ आणि सीगल पक्ष्यांची शिट. उतारावरचं पॅनल पावसानं निम्मंशिम्मं आपोआप धुऊन निघतं. आडव्यावर पाणी साचतं आणि वाळलं की डाग राहतो. आमच्याकडे हा त्रास वेगळ्या रूपात. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या धुराड्यांतली काजळी उडत येते आणि नोव्हेंबर ते मार्च आसपासच्या गावांतली पॅनलं काळी पडतात. पंधरा दिवस कुणी फडकं मारलं नाही की युनिट घसरले म्हणून फोन येतो. पॅनल बसवणं हे आमच्या कामातलं सोपं काम. ते पुसलं जाईल याची व्यवस्था लावणं अवघड. म्हणून झाडूवाल्याकडे मी जरा आदरानंच पाहत होतो. त्यानं मात्र माझ्याकडे पहाटे काचेभोवती घुटमळणाऱ्या माणसाकडे बघावं तसंच पाहिलं.

सकाळी ९.००

गावात कॉफी. इथे कॉफी घाईत प्यायची पद्धत नाही. एका कपावर लोक तासभर बसतात. रोमन काळातल्या फोरमचे दगड रस्त्याकडेला पडलेले, त्यावर पोरं बसलेली, शेजारी नवव्या शतकातलं सेंट दोनात हे गोल चर्च. एवढं जुनं गाव, मग मधेच सपाट चेहऱ्याच्या इमारती कशा, हा प्रश्न पडतोच. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात झादर इटलीकडे होतं. १९४३-४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी ते इतकं भाजून काढलं, की जुन्या वस्तीचा मोठा भाग उरलाच नाही. नंतर जे बांधलं ते घाईनं, काँक्रीटमध्ये. आज जिथं चकती आहे तो धक्काही त्यातलाच होता. समुद्राला भिडलेलं टोक, पण तिथं थांबावं असं काही नव्हतं.

बाशिच या भागातलेच, जवळच्या मुर्तेर बेटावरचे. धक्का मोठ्या प्रवासी बोटींसाठी नव्यानं करायचा ठरला तेव्हा त्यांनी आधी २००५ मध्ये पायऱ्या बांधून त्यांच्या पोटात सागरी ऑर्गन बसवला आणि तीन वर्षांनी त्याच्या शेजारी ही चकती. ऑर्गनला २००६ मध्ये सार्वजनिक जागांसाठीचा युरोपीय पुरस्कार मिळाला. चकतीबद्दल स्थापत्यातली मंडळी तेवढ्या प्रेमानं बोलताना दिसत नाहीत. का, ते मला रात्री थोडं कळलं.

सकाळी १०.३०

चकतीच्या कडेनं धातूचं कडं आहे. येणाऱ्यांपैकी शंभरात एखादाच ते वाचत असेल. मी गुडघ्यावर बसून वाचत फिरलो.

या भूशिरावर ज्या संतांच्या नावाची चर्चं आहेत त्यांची नावं कड्यावर कोरली आहेत. प्रत्येकापुढे त्याच्या सणाची तारीख, आणि त्या दिवशी सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं अंतर) किती, दुपारी तो किती अंश वर येतो, असे आकडे. हे बाशिच यांच्या डोक्यातून आलेलं नाही. १२९२-९३ च्या सुमारास झादरमध्ये सेंट क्रशेवानच्या नावाची एक दिनदर्शिका तयार झाली होती. ती आता ऑक्सफर्डच्या बॉडलीयन ग्रंथालयात आहे. सणावारांबरोबर आकाशाचं गणित मांडणारी युरोपातली ही फार जुनी वही, आणि ते गणित रोमन अंकांत नाही. ज्यांना युरोप अरबी अंक म्हणतो आणि जे अरबांनी आपल्याकडून नेले, त्या अंकांत ते लिहिलेलं आहे. रोमन अंकांत अंश आणि कला मांडून बघा, म्हणजे त्या लिहिणाऱ्यानं नवे आकडे का उचलले ते कळेल.

आपल्या पंचांगात तरी वेगळं काय असतं? तिथी, सण, सूर्योदय, सूर्यास्त, संक्रांत. पूजेसाठी आकाश मोजायचं आणि मोजता मोजता शास्त्र पुढे न्यायचं, हा प्रकार सगळीकडचा आहे. फरक एवढाच की झादरवाल्यांनी तो आकडा लोकांच्या पायाखाली आणून ठेवला. मला त्यातला व्यवहार आवडला. सौर पॅनल बसवणाऱ्यालाही हेच आकडे लागतात. कुठल्या महिन्यात सूर्य किती उंच जाणार, समोरच्या इमारतीची सावली डिसेंबरात कुठवर येणार. आम्ही ते मोबाइलवर काढतो. या वहीवाल्यानं ते सव्वासातशे वर्षांपूर्वी काढून ठेवले होते.

धक्क्यावर पुढे छोट्या काचेच्या चकत्या आहेत, ते ग्रह. मोठी चकती सूर्य धरली तर तिच्या मापाची पृथ्वी भरते फक्त वीतभर. गुरू सव्वादोन मीटरचा. अंतरं मात्र खऱ्या मापाची ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं: त्या हिशेबानं वीतभर पृथ्वी चकतीपासून सव्वादोन-अडीच किलोमीटर लांब ठेवावी लागली असती, म्हणजे भूशिर संपून जुन्या गावाबाहेर.

दुपारी १.००

झादरचा रेखांश १५ अंशांना अगदी लागून आहे, आणि मध्य युरोपचं घड्याळ १५ अंशांवरच लावलेलं असतं. त्यामुळे इथं घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा जवळजवळ एकच. उन्हाळ्यात काटे तासभर पुढे केलेले असतात म्हणून एक. सूर्य ६९ अंशांवर. माझी सावली कमरेएवढीही नाही. कोल्हापुरात मे महिन्यात एक दिवस असा येतो की ती पायाखालीच जाते. इथं ते कधीच होणार नाही, पण आडव्या काचेला या क्षणी तक्रारीला जागा नाही. सरळ उन्हाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त तिच्यावर पडतंय. दिवसभराच्या कमाईचा हा कळस.

आणि चकतीवर कुणीही नाही.

काच इतकी तापली होती की दोन पोरं अनवाणी आली आणि किंचाळत सावलीकडे पळाली. तापणं पॅनललाही सोसत नाही. पंचवीस अंश तापमानाला कारखान्यात त्याची ताकद मोजतात, आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास घट धरायची. छतावर आम्ही पॅनलखाली मुद्दाम मोकळी जागा सोडतो, वारा खेळावा म्हणून. जमिनीत गाडलेल्या पॅनलला ती सोय कुठली? त्यावर आणखी माणसांच्या सावल्या. पॅनलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यातल्या थोड्यांवर सावली पडली की अख्ख्या ओळीची वीज बसते. म्हणून त्यात बायपास डायोड घालतात, म्हणजे झाकलेला भाग बाजूला टाकून बाकीचं चालू राहतं. जिथं दिवसभर लोक येऊन उभे राहणार, तिथं पॅनल ठेवायचं धाडस आमच्यातला कुणी करणार नाही.

तरी आकडा वाईट नाही. वर्षाला सुमारे ४६,५०० युनिट, असं या चकतीच्या आराखड्यात धरलं आहे. म्हणजे दिवसाला सरासरी १२७. महिन्याला दोनशे युनिट जाळणारी वीसेक घरं त्यावर चालतील. आमच्याकडचा ढोबळ हिशेब असा: एका किलोवॅटला शंभर चौरस फूट जागा, आणि दिवसाला चार युनिट. चकतीचं क्षेत्रफळ ३८० चौरस मीटर, चार हजार चौरस फुटांच्या वर. एवढ्या गच्चीवर कोल्हापुरात मी दिवसाला दीडशेच्या पुढे काढून दिले असते. क्रोएशियातलं ऊन, आडवी काच, समुद्राचं मीठ, लोकांचे पाय हे सगळं धरलं तर १२७ हा आकडा मला हावरा वाटला नाही, पण जरा उमेदीचा वाटला.

भाची बेकरीतून चीजचं बुरेक घेऊन आली. “काय दिसलं?”

“काही नाही. काम चाललंय.”

“कुठे?”

तिचं बरोबर होतं. पॅनल हलत नाही, फिरत नाही, आवाज करत नाही. पवनचक्की निदान गरगरते. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली आणि तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांचं अनुदान मिळायला लागलं, तेव्हापासून आमच्याकडे गिऱ्हाइकांची रीघ आहे, पण पॅनल बसलं की त्यांच्यातला प्रत्येकजण पहिल्या आठवड्यात फोन करून विचारतो, “चालू आहे ना हो?” मोबाइलवर आकडा दिसेपर्यंत त्यांचा विश्वास बसत नाही.

दुपारी ४.००

मायस्त्राल सुटला. उन्हाळ्यात रोज दुपारी वायव्येकडून येणारा हा समुद्रवारा. सकाळी पाणी तेलासारखं सपाट होतं आणि ऑर्गन मधूनच एखादा सुस्कारा टाकत होता. आता लाटा पायऱ्यांवर यायला लागल्या आणि ऑर्गन जागा झाला.

पायऱ्यांची लांबी ७० मीटर. त्यांच्या पोटात वेगवेगळ्या लांबीच्या, जाडीच्या, उताराच्या ३५ नळ्या. पाच-पाच नळ्यांचे सात गट. लाट खालच्या तोंडातून आत शिरते, नळीतली हवा वर ढकलते, ती हवा शिट्टीतून जाते आणि आवाज वरच्या फरशीतल्या भोकांतून बाहेर पडतो. नळ्यांतल्या शिट्ट्या झाग्रेबच्या हेफेरर या चर्चचे ऑर्गन बनवणाऱ्या कारखान्यानं केल्या. सूर असे जुळवलेत की कुठल्याही गटातले पाचही एकदम वाजले तरी कानाला टोचत नाहीत. यापलीकडे माणसाचा हात नाही. काय वाजणार, कधी, किती वेळ, हे पाणी ठरवतं. एखादी फेरी बोट गेली की मिनिटभरानं तिच्या लाटा येतात आणि सगळा ऑर्गन एकदम भरून वाजतो. बोटीवरच्यांना आपण काय वाजवलं याचा पत्ताही नसतो.

पायरीवर कान लावून बसलो होतो तेव्हा डोक्यात आलं, की हाही सौर यंत्रच आहे. ऊन पडलं, जमीन समुद्रापेक्षा लवकर तापली, तिच्यावरची हवा वर गेली, तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आला, वाऱ्यानं लाटा उठवल्या, लाटांनी हवा ढकलली. पॅनल न लावता ऊन ऐकायला येतं. चकतीत मधे इतकं सामान आहे, तारा, डायोड, इन्व्हर्टर, संगणक; इथं फक्त नळ्या. मला वाटतं म्हणूनच जाणकार ऑर्गनच्या बाजूनं आहेत. मीही झालो.

संध्याकाळी ६.३०

आता लोक यायला लागले. एका प्रवासी बोटीतून उतरलेली गर्दी, हातात आइस्क्रीम, गळ्यात कॅमेरे. चकतीवरची मोकळी काच भराभर आटली. आल्फ्रेड हिचकॉक १९६४ मध्ये इथं आला होता आणि इथल्या सूर्यास्ताची त्यानं भरभरून तारीफ केली, हे गावात पाऊल टाकल्यापासून ऐकायला मिळतं. हॉटेलवाला सांगतो, माहितीपत्रक सांगतं, आइस्क्रीमवाल्याच्या पाटीवरसुद्धा आहे. सूर्यास्ताला प्रमाणपत्र कशाला लागतं, देव जाणे.

रात्री ८.४५

सूर्य बेटांच्या मागे गेला. टाळ्या पडल्या. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आमच्याकडे कुणी सूर्याला टाळ्या वाजवत नाही, अर्घ्य देतात, आणि तेही उगवतीला.

दिवे लगेच लागले नाहीत. आकाशात तांबूस उजेड बराच वेळ रेंगाळला. तेवढ्या वेळात लोक पाठ फिरवून चकतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मला जाणवलं की दिवसभरात पहिल्यांदाच सगळे खाली बघतायत.

रात्री ९.१५

काचेखाली निळा सरकला. मग हिरवा, जांभळा, पिवळा. पट्टे वर्तुळात फिरतात, कडेला पोचतात, विरतात, पुन्हा मधून उगवतात. लाटांची आणि ऑर्गनची लय धरून दिव्यांचा क्रम संगणकात आखलेला आहे. खरं सांगायचं तर रंग थोडे भडक आहेत. गणपतीच्या मंडपातल्या रोषणाईला सरावलेल्या कोल्हापूरकरानं हे म्हणावं म्हणजे कमालच, पण ऑर्गनचा आवाज इतका मोजून-मापून येत असताना शेजारी हा सगळा लखलखाट, जरा जास्त होतं. आवाज पाण्याच्या हातात आहे, उजेड कुणीतरी ठरवून ठेवलेला आहे, हा फरक पाचच मिनिटांत कळतो.

लहान मुलांना तो कळत नाही, आणि तिथंच चकती जिंकते. एक चार-पाच वर्षांची मुलगी काळोखी काच निवडून त्यावर दोन्ही पायांनी उडी मारत होती. काच उजळली की तिला वाटायचं, मीच लावली. नाही उजळली की ती पुढच्या काचेवर. थोड्या वेळानं तिच्यामागे सहा-सात पोरं लागली. कुणी पळत्या पट्ट्याशी शर्यत लावतंय, कुणी पालथं पडून काचेला गाल लावलाय. एका म्हाताऱ्या जोडप्यानं मधोमध नाचायला सुरुवात केली, ऑर्गनच्या आवाजावर, ज्याला ताल असा नाहीच. त्यांना ते जमत होतं. दिव्यांनी काय करायचं ते आखून ठेवता आलं, पण माणसांनी त्यावर काय करायचं ते बाशिच यांनी मोकळं सोडलं, आणि त्यामुळे रोजची रात्र वेगळी होते. जमिनीवर असतं तेच पॅनल मांडवासारखं डोक्यावर उभं केलं असतं तर कदाचित जास्त वीज मिळाली असती, आणि लोकांनी खालून फोटो काढून वाट धरली असती.

एक गोष्ट मात्र मला खटकत राहिली. दुपारी एकला इथं काय चाललं होतं, याची या शेकडो माणसांपैकी कुणाला गंधवार्ता नाही. दिवसपाळी कुणी पाहिली नाही, टाळ्या रातपाळीला.

भाचीही चपला काढून काचेवर बसली होती. काच अजून कोमट होती. “मामा, हे कोल्हापुरात रंकाळा तलावावर होईल?”

“होईल की. चौपाटीवरून सूर्य पाण्यातच मावळतो.”

“ऑर्गन?”

“रंकाळ्याला लाटा कुठल्या? नुसती चकती.”

“पुसणार कोण?”

धंद्यातलीच भाची. मी म्हटलं, टेंडरमध्ये पुसायचं कलम आधी घालायचं, काचा नंतर. दहा वर्षांचा देखभालीचा करार, पैसे महिन्याच्या महिन्याला, युनिट घसरले तर कपात. कडेला कडं इथल्यासारखंच, पण त्यावर आपले सण आणि त्या दिवशीची सूर्याची उंची: संक्रांत, पाडवा, जोतिबाची यात्रा. आणि मधोमध, रात्रीच्या दिव्यांपेक्षा मोठा, एक मीटर. आत्ता किती वीज होतेय ते उन्हात लांबून वाचता येईल एवढ्या ठळक आकड्यांत.

“म्हणजे लोक दुपारी येतील?”

“दुपारी येतील ते शाळेची पोरं आणि भेळवाले. पुष्कळ झालं.”

“आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत? रंकाळ्यावर चार महिने सूर्य दिसत नाही.”

“तेव्हा आकडा पडलेला दिसेल. दिसू दे की. ढगातही थोडं चालतंच, तेही कळेल लोकांना.”

तिनं मोबाइल काढला आणि चार हजार चौरस फुटांना किती काच लागेल, जाडी किती धरायची, विचारायला लागली. मी म्हटलं, आधी महापालिकेत कुणाला भेटायचं ते ठरव.